सात माद्यांची हजेरी

जर्मनीत मी चाळीस दिवस राहिले. त्यांपैकी सतरा सकाळी मी रानटर्कींची हजेरी घेतली. पंधरा दिवसांच्या नोंदी बरोबर होत्या आणि दोन दिवसांच्या साफ चुकीच्या. छत्तीस वर्षे अकोल्याच्या शाळेत विज्ञान शिकवताना माझ्या हजेरीपटात खाडाखोड झाली नव्हती. ती कुठे आणि कशी झाली, हे माझ्या विद्यार्थ्यांना माझ्याकडूनच कळलेले बरे.

माझी मुलगी प्रज्ञा हॅनोव्हरला वन्यपक्ष्यांवर पीएच.डी. करते. २०१५च्या मार्चमध्ये मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिचा मुक्काम शहरात नव्हता. हॅनोव्हरपासून रेल्वेने तासाभरावर एक खेडे आहे. तिथे बंद पडलेल्या दुग्धशाळेच्या माडीवर तिने दोन खोल्या घेतल्या होत्या. मी पोहोचले त्या संध्याकाळी तिने मला गावाची माहिती दिली: एक बेकरी, एक चर्च, दिवसाला चार बसगाड्या आणि अकरा टर्की.

"अकराच?" मी विचारले.

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणूनच तर मी इथे आहे," ती म्हणाली.

टर्की हा मूळ अमेरिकेतला पक्षी. या भागात फार पूर्वी कुण्या जमीनदाराने हौसेने आणून सोडलेल्या पक्ष्यांचा हा उरलेला वंश. सात माद्या, तीन तरुण नर आणि एक म्हातारा नर. प्रत्येकाच्या पायात प्रज्ञाने रंगीत कडी घातली होती. आपल्याकडे लग्नसमारंभात पाहुण्यांना नावाने ओळखणे मला जमत नाही, पण कड्यांवरून या अकरा जणांना मी दुसऱ्याच दिवशी ओळखू लागले.

कायदा आणि त्यातली फट

जर्मनीत शिकार करायची तर आधी अवघड परीक्षा द्यावी लागते, मग परवाना मिळतो. त्यानंतर रानाचा एखादा पट्टा भाड्याने घ्यावा लागतो किंवा भाडेकऱ्याचे पाहुणे व्हावे लागते. भाडेकरूवर त्या पट्ट्यातल्या प्राण्यांची काळजी घेण्याची जबाबदारीही असते. परीक्षा ऐकून मी लगेच प्रभावित झाले. प्रज्ञाने मला आवरले. "आई, परीक्षा म्हटलं की तुला माणूस चांगलाच वाटतो."

टर्कीबाबतचा नियम असा. शरद ऋतूत नर आणि माद्या, दोघांचीही शिकार करता येते. वसंतात, म्हणजे मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, फक्त नरांची. त्या काळात माद्या अंडी घालतात आणि उबवतात, म्हणून त्यांना पूर्ण अभय. नर अंडी उबवत नाही, पिल्ले सांभाळत नाही. पिसारा फुलवून मिरवणे एवढेच त्याचे वसंतातले काम. तेव्हा तो एक कमी झाल्याने वंशाचे काही बिघडत नाही, असा कायद्यामागचा हिशेब.

प्रज्ञाच्या मते, मोठ्या कळपात हा हिशेब बरोबर ठरतो. पण कळप अकराचा असेल तर? बहुतेक माद्या एकाच नराला निवडतात, आणि तो म्हणजे हा म्हातारा. माद्यांशी त्याचा संग होण्यापूर्वीच तो गेला, तर तरुण नर आपसांत भांडत बसतील, अंडी उशिरा येतील आणि काही पोकळ निघतील. उलट माद्या एकदा अंड्यांवर बसल्या की तो असला काय आणि नसला काय, त्या वर्षीच्या पिल्लांना फरक पडू नये. म्हणजे प्रश्न नर मारावा की नाही एवढाच नाही, तर कधी मारावा हाही आहे. तिच्या प्रबंधाचे दोन वसंत झाले होते. हा तिसरा आणि शेवटचा. म्हातारा मार्चमध्येच पडला असता, तर तिच्याजवळ अर्धाच प्रबंध उरला असता.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आमच्या घरी रोज पंचशील म्हटले जाते, आणि त्यातले पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. "कधी मारावा" हा प्रश्न मला पटणे शक्यच नव्हते. प्रज्ञाने हे ओळखून मला आधीच बजावले होते, "तू इथे कुणाला उपदेश करायचा नाहीस. मी त्यांना फक्त थांबायला सांगतेय. थांबा म्हटलं तर ऐकतील, सोडा म्हटलं तर दार लावून घेतील."

हेर ब्रांडेस यांच्या स्वयंपाकघरात

ज्यांनी थांबायचे होते ते हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांडेस. वय अठ्ठ्याहत्तर, उंची सहा फूट, उजवा गुडघा कामातून गेलेला. पत्नी वारल्यापासून एकटेच राहत. गावालगतचा रानाचा पट्टा कित्येक वर्षे त्यांच्याकडे भाड्याने होता. जर्मनीतले शिकारवर्ष ३१ मार्चला संपते, आणि त्या दिवशी त्यांचे भाडेही संपणार होते. गुडघ्यामुळे त्यांनी पट्टा सोडला होता. १ एप्रिलपासून तो हॅनोव्हरच्या एका दंतवैद्याकडे जाणार होता.

त्यांनी आम्हाला दुपारी कॉफीला बोलावले. वेळ साडेतीनची होती. आम्ही तीन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी पोहोचलो, तर दाराच्या काचेतून ते घड्याळाकडे पाहत उभे दिसले. साडेतीनला दार उघडले. या एका कृतीने त्यांनी माझ्या मनात घर केले.

टेबलावर लोण्याचा आणि बदामकापांचा चौकोनी केक होता. मी सोबत भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा नेला होता. ठेचा हा तोंडी लावण्याचा पदार्थ आहे, हे सांगायला प्रज्ञाने तोंड उघडेपर्यंत त्यांनी तो पावावर जॅमसारखा जाडसर पसरून घास घेतलाही होता. त्यांचे कान लाल झाले. ते उठले, खिडकीपाशी गेले, बाहेर बराच वेळ पाहिले, परत येऊन बसले आणि उरलेला पाव नेटाने संपवला. नंतर प्रज्ञाला एवढेच म्हणाले, की तुमच्या आईच्या देशाला सैन्याची फारशी गरज पडत नसावी.

मग मुद्दा निघाला. तो म्हातारा नर ते चार वर्षांपासून पाहत होते. आपल्या अखेरच्या वसंतात तो आपल्याच हातून पडावा, ही त्यांची इच्छा. कायदा त्यांच्या बाजूने होता. प्रज्ञाने थांबा म्हटल्यावर ते शांतपणे म्हणाले, "माद्या बसणार एप्रिलच्या अखेरीस. तेव्हा मी या रानाचा कोणीही नसेन. थांबा याचा अर्थ सोडा असाच होतो, नाही का?"

प्रज्ञाने केकची बशी बाजूला सरकवली. खरे तर ते बरोबरच बोलत होते.

थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच एक तोडगा काढला. यंदा थंडी लवकर ओसरली होती. समजा, माद्या लवकर बसल्या, आणि ३१ मार्चच्या आत सलग दोन सकाळी सातपैकी एकही कुरणात आली नाही, तर ते नर मारतील. तसे झाले नाही, तर तो दंतवैद्याचा. मोजणाऱ्याच्या कामात व्यत्यय नको, म्हणून दरम्यान ते मचाणावर चढणारही नाहीत. माद्या मार्चमध्ये बसणे जवळजवळ अशक्य, हे प्रज्ञाला ठाऊक होते. त्यांनाही ठाऊक असावे. नकार मानाने द्यायची ही त्यांची रीत होती, असे मला आता वाटते.

प्रज्ञाला आठवड्यातले काही दिवस हॅनोव्हरच्या प्रयोगशाळेत जावे लागे. रोज सकाळी मोजणार कोण? दोघांनीही माझ्याकडे पाहिले.

हजेरीपट

बेकरीच्या शेजारच्या दुकानातून मी चौकटीची वही आणली आणि रकाने आखले. डाव्या बाजूला अनुक्रमांक एक ते सात, पुढे कड्यांचे रंग, वर तारखा. नरांसाठी खाली वेगळी ओळ. म्हाताऱ्याचे बारसे करावे अशी प्रज्ञाची सूचना होती. पण ज्याच्यावर बंदूक रोखली जाणार आहे त्याला नाव देणे मला बरे वाटले नाही.

तासिका पावणेसात ते साडेसात. कुरणाच्या कडेला लाकडी मचाण होते. त्याला तिथे होखझिट्झ म्हणतात. आपल्याकडे शेतात राखणीसाठी माळा घालतात तसेच, फक्त छप्पर आणि बसायला बाक असलेले. त्याच्या पायथ्याशी ओंडक्यावर मी दुर्बीण घेऊन बसे. पक्षी रात्री उंच झाडांवर झोपत आणि सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने चरत कुरणात येत. पहिल्या दिवशी सात वाजता आले. दिवस मोठा होत गेला तसे लवकर येऊ लागले, आणि दुसऱ्या आठवड्यात तर मी पोहोचण्यापूर्वीच हजर असत. वर्गावर उशिरा येणाऱ्या शिक्षकाकडे मुले पाहतात तशी तिसऱ्या क्रमांकाची मादी माझ्याकडे पाही.

आणि तो म्हातारा. सकाळच्या उन्हात पिसांवर तांब्याची कळा, डोके निळे, गळ्याची लोंबती कातडी लाल, आणि पंखांची टोके जमिनीला घासत तो माद्यांपुढून असा जाई, की जणू तपासणीला शिक्षणाधिकारी आले आहेत. माद्या चरत राहत. एकही मान वर करत नसे. तपासणीच्या वेळी आमचेही असेच असे.

शाळेत गैरहजर विद्यार्थी म्हणजे काळजी. इथे उलटे होते. मादी गैरहजर म्हणजे ती घरट्यावर बसली, म्हणजे शुभवार्ता. हे मनाला शिकवायला मला चार-पाच दिवस लागले.

रविवारी अकोल्याहून माझ्या यजमानांचा फोन येई. "काय मोजतेस म्हणालीस? कोंबड्या?" त्यांनी दुसऱ्यांदा विचारले. "अहो, रानटर्की," मी म्हणाले. "तिकडे जाऊन तुला हेच काम मिळालं? इथे शेजाऱ्यांच्या आहेत की बारा."

रविवार आणि सोमवार

मार्चच्या अखेरच्या शनिवारी प्रज्ञा हॅनोव्हरला गेली. सोमवारी संध्याकाळी परतणार होती. रविवारी मी नेहमीप्रमाणे मोबाइलच्या गजराने उठले आणि पावणेसातला ओंडक्यावर बसले. उजेड कमी वाटला. आकाश ढगाळ होते, म्हणून मी ते कारण धरले. साडेसात वाजले. एकही पक्षी नाही. मी सात रकान्यांत शून्य मांडले आणि वही मिटली.

सोमवारी पुन्हा तेच. सात शून्ये.

शनिवारी सात हजर आणि रविवारी सातही गायब. एकीने तरी एक-दोन दिवस मागेपुढे करायला नको का, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना नक्की विचारला असता. स्वतःला विचारला नाही. माझ्या हातून एक महत्त्वाचे निरीक्षण घडले आहे, या आनंदात मी होते. दुपारी साडेतीनच्या ठोक्याला मी वही घेऊन हेर ब्रांडेस यांच्या दारात उभी राहिले.

माझे जर्मन तेव्हा चाळीस-पन्नास शब्दांचे होते. त्यात अंक मात्र पक्के. मी रकान्यांवर बोट ठेवत गेले: रविवार, नुल. सोमवार, नुल. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही स्तंभ वरपासून खालपर्यंत पाहिले आणि नेहमीच्याच वेळी का, असे विचारले. मी अभिमानाने म्हणाले, रोज पावणेसात, एका मिनिटाचा फरक नाही.

ते उठून कपाटाजवळ गेले आणि बंदुकीची चामड्याची पिशवी काढली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा चेहरा इतका उजळलेला मी क्वचितच पाहिला आहे. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले, की मी कशाची परवानगी देऊन आले आहे. घरी येताना मी पहिले शील मनात म्हणून पाहिले. ते पुरे होईना.

संध्याकाळी प्रज्ञा आली. चहा टाकताना तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि हसली. "आल्झो, म्हणजे हे कुणी पुढे केलंच नाही. आई, तू दोन दिवस कुठल्या वेळेवर जगत होतीस?"

मी म्हणाले, मोबाइलच्या.

मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपभर घड्याळे एक तास पुढे करतात. मोबाइल आपले आपण पुढे होतात. भिंतीवरचे घड्याळ होत नाही, आणि टर्कीही होत नाहीत. अकोल्यात जन्म गेलेल्या माणसाला, वेळ ही सरकारी आदेशाने सरकवायची वस्तू आहे, हे सुचणार कसे? दोन्ही दिवशी मी एक तास आधी जाऊन, पक्षी कुरणात येण्याच्या सुमाराला उठून आले होते.

प्रज्ञाचे हसू माझा चेहरा पाहून थांबले. मी सगळे सांगितले.

"तास चुकला ते राहू दे," ती म्हणाली. "त्याचा अर्थ लावून तू त्यांच्याकडे गेलीस कशाला? नोंद तुझी, आई. निष्कर्ष माझा होता."

मी आयुष्यभर प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक लिहून घेत आले. त्या चहाच्या वेळी तो मला माझ्या मुलीकडून ऐकावा लागला.

ब्रांडेस यांना मोबाइल नव्हता. घरचा फोन वाजत राहिला. शेजारणीकडून कळले, की शिकारी मित्रांनी त्यांना निरोपाच्या जेवणाला दुसऱ्या गावी नेले आहे आणि ते उद्या परस्पर रानात जाणार आहेत.

मचाण

मंगळवार, ३१ मार्च. आम्ही कुरणाशी पोहोचलो तेव्हा नुकते दिसू लागले होते. मचाणाच्या खिडकीत त्यांची टोपी आणि बंदुकीची नळी दिसत होती. हाक मारावी तर पक्षी उधळतील. कुणाची कायदेशीर शिकार मुद्दाम उधळणे प्रज्ञाला परवडणारे नव्हते. या रानात तिला पुन्हा कुणी पाऊल ठेवू दिले नसते. "आता तूच जा," ती कुजबुजली. "हजेरीपट तुझा आहे."

शिडीला अकरा पायऱ्या होत्या. मी त्रेसष्टाव्या वर्षी, वही दातांत धरून, त्या चढले. सातवीवर माझी शाल खिळ्यात अडकली. ती तिथेच सोडून मी पुढे गेले. हेर ब्रांडेस यांनी मान वळवून पाहिले, दचकले, आणि मग बाकावर सरकून मला जागा करून दिली.

बोलणे शक्य नव्हते. मी वही उघडली, लाल पेन काढले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दोन्ही स्तंभांवर आडव्या रेघा मारल्या. समासात मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला, जो प्रज्ञाने वाटेत मला तीनदा घोकायला लावला होता: झोमरत्साइट, उन्हाळी वेळ. खाली सही केली.

त्यांनी वाचले. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा कुरणाकडे पाहू लागले. बंदूक मांडीवरून हलली नाही.

साडेसात वाजून गेले आणि माद्या आल्या. आधी तिसरा क्रमांक, मग पहिला आणि पाचवा. मी श्वासाच्या आवाजात मोजत होते. सहा झाल्या. नंतर बराच वेळ कुणी नाही. सातवी आली तेव्हा मी हलकेच "झीबेन" म्हणाले. त्यांच्यामागून म्हातारा आला, पिसारा पूर्ण उघडून, मचाणापासून पंचवीस पावलांवर. इतक्या जवळून त्याच्या छातीतली घरघर ऐकू येत होती.

हेर ब्रांडेस यांनी बंदूक उचलली. गाल लाकडाला टेकवला. मी डोळे मिटले नाहीत. ज्याला आपण कारण झालो ते पाहिलेच पाहिजे, असे मला वाटले. तो नर वळला, पुन्हा वळला. कुठल्याही नेमबाजाला पुरेल इतका वेळ त्याने दिला. मग त्यांनी बंदूक खाली घेतली, तिची नळी बिजागरीवर वाकवून उघडली आणि दोन्ही काडतुसे काढून माझ्या वहीवर ठेवली.

खाली उतरल्यावर ते प्रज्ञाशी बोलले आणि तिने मला सांगितले: "कायद्याप्रमाणे माझ्याकडे आज संध्याकाळपर्यंत वेळ आहे. तुमच्या आईच्या वहीप्रमाणे नाही. आणि शब्द मी वहीला दिला होता."

त्यांनी शिडीवरची माझी शाल काढून, झटकून, हातात दिली. नाश्त्याला मात्र थांबले नाहीत. मला त्याचे वाईट वाटले, पण ते त्यांच्या बाजूने बरोबर होते. आदल्या दिवशी दिलेली आशा मी दुसऱ्या दिवशी काढून घेतली होती.

दुपारी त्यांच्या घरी दंतवैद्य किल्ल्या घ्यायला आले, तेव्हा वही घेऊन आम्हीही तिथे होतो. चाळिशीतले, घाईतले, नव्याकोऱ्या हिरव्या कोटातले. हेर ब्रांडेस यांनी मचाणाच्या कुलपाची किल्ली, रानाचा नकाशा आणि माझी वही, असे तिन्ही एकत्र त्यांच्यापुढे ठेवले, आणि वही, म्हणजे माद्या बसेपर्यंत थांबण्याची अट, घ्यायची नसेल तर किल्लीचे काय करायचे ते बघू, अशा अर्थाचे काही म्हणाले. वास्तविक तसा अधिकार त्यांना नव्हता. दंतवैद्यांनाही ते ठाऊक असणार. त्यांनी वही उघडून शांतपणे विचारले, की रोज सकाळी हे भरणार कोण, मला तर आठला रुग्ण असतात.

"मी," हेर ब्रांडेस म्हणाले. "मला आता सकाळी दुसरं काय आहे?"

मी मेच्या मध्यापर्यंतचे रकाने आखून दिले.

अकोल्याला परतल्यावर

आल्यापासून मला सगळे हेच विचारतात, की मग तो कोंबडा वाचला ना. उत्तर नाही असे आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माद्या एकेक करून कुरणातून नाहीशा झाल्या. सात शून्ये दोन दिवस नव्हे, तर सलग नऊ दिवस पडली. मग दंतवैद्यांनी हेर ब्रांडेस यांना पाहुणे म्हणून बोलावले आणि पहिली गोळी त्यांना दिली. एकच लागली. प्रज्ञाने मला हे फोनवर सांगितले. मारण्याचा दिवस ज्या वहीने ठरवला तिचे रकाने माझे होते, आणि पहिले शील म्हणताना मी अजून तिथे अडखळते. मात्र प्रज्ञाचा तिसरा वसंत पूर्ण झाला.

जूनमध्ये तिने वहीच्या ताज्या पानाचे छायाचित्र पाठवले. हेर ब्रांडेस अजूनही रोज जातात, बंदुकीविना. पाच माद्या पिल्लांसह परतल्या होत्या. प्रत्येकीपुढे पिल्लांचा आकडा लिहायचा होता. आधी त्यांनी तो लिहिला होता, खोडला होता, पुन्हा लिहून पुन्हा खोडला होता. पिल्ले गवतात शिरत, दुसरीकडून निघत, एकीची दुसरीत मिसळत. शेवटी त्यांनी पाचही रकान्यांवरून एक कंस केला होता आणि त्यात एकच शब्द लिहिला होता. प्रज्ञाने खाली मराठीत अर्थ दिला: पुष्कळ.

माझ्या नोकरीत असला शेरा मी कुणाचाही मान्य केला नसता. या पानावर मी बरोबरची खूण केली.